तेंदूपानांची पुरवठा साखळी (गडचिरोली जिल्हा)

तेंदूपानांची पुरवठा साखळी म्हणजे तेंदूच्या झुडपांवरील पाने तोडण्यापासून ती बिडी कारखान्यात पोहोचेपर्यंत होणारी विक्री, मोजणी, वाळवण, साठवण, वाहतूक आणि रक्कम-वाटप या कामांची शृंखला होय. महाराष्ट्रात तिचे सर्वांत विस्तृत रूप गडचिरोली आणि चंद्रपूर या वनजिल्ह्यांत आढळते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला सिरोंचा तालुका तेलंगण आणि छत्तीसगड या दोन राज्यांना लागून असल्याने या व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेंदूचा हंगाम वर्षातून जेमतेम काही आठवडे चालतो. तरीही शेतीचे काम संपलेले आणि पावसाळ्याची बेगमी व्हायची असलेली अशी ती वेळ असल्यामुळे, जंगलालगतच्या कुटुंबांना रोख रक्कम मिळण्याचे ते वर्षातील एक प्रमुख साधन असते.

पानात कोणताही रासायनिक वा यांत्रिक बदल न होता त्याची किंमत जंगलापासून कारखान्यापर्यंत वाढत जाते. ही वाढ मुख्यतः खरेदी-विक्रीच्या रचनेतून, मोजणीच्या काटेकोरपणातून, वाळवणीतील दक्षतेतून आणि वेळेवर होणाऱ्या रकमेच्या भरण्यातून घडते. ग्रामसभांना तेंदू विकण्याचा अधिकार मिळाल्यानंतर या व्यवस्थापनाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. म्हणून पुरवठा साखळीचे व्यवस्थापन एखाद्या संस्थेच्या उत्पन्नात कशी भर घालते, याचे हे एक अभ्यासनीय उदाहरण ठरते.

संज्ञा

शासकीय परिभाषेत माल मिळविण्याच्या क्रियेला 'प्रापण' असा शब्द आहे. व्यवहारात मात्र तो कोणी वापरत नाही. बाजारात 'खरेदी' आणि वनोपजाच्या बाबतीत 'संकलन' हेच शब्द रूढ आहेत. 'खरेदी' या शब्दाने केवळ पैसे देऊन वस्तू घेणे सूचित होते. प्रापणात त्याहून बरेच काही येते: गरजेचा अंदाज, पुरवठादाराची निवड, करार, दर्जाची तपासणी आणि रकमेचा भरणा.

'पुरवठा साखळी व्यवस्थापन' ही संज्ञा व्यवस्थापन सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी १९८२ मध्ये प्रचारात आणली. पुढच्याच वर्षी पीटर क्राल्जिक यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये खरेदीच्या वस्तूंचे चार गट सुचविले. वस्तूचा नफ्यावरील परिणाम आणि तिच्या पुरवठ्यातील जोखीम हे त्या वर्गीकरणाचे दोन निकष होते. १९८५ मध्ये मायकेल पोर्टर यांनी 'मूल्यसाखळी'ची कल्पना मांडली. हे विवेचन मोठ्या कारखान्यांना समोर ठेवून झाले असले, तरी त्यातील क्राल्जिक यांचा निकष तेंदूपानाला चपखल लागू पडतो. बिडी कारखानदाराच्या दृष्टीने तेंदूपान ही अत्यावश्यक वस्तू असून ती वर्षातून एकदाच आणि ठरावीक प्रदेशांतूनच मिळते. हंगाम चुकला तर पुढील वर्षापर्यंत ती मिळत नाही. अशा वस्तूचा विक्रेता वाटतो तितका दुर्बल नसतो. गावांना मात्र हे बळ बराच काळ वापरता आले नाही, कारण विकण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

वनस्पती व हंगाम

तेंदू (शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, कुल एबेनेसी) हा मध्य भारताच्या शुष्क पानझडी वनांतील वृक्ष आहे. मराठीत त्याला टेंभुर्णी असेही म्हणतात. त्याची पिवळी, गोड फळे माणसे, अस्वले आणि पक्षी आवडीने खातात. बिडीसाठी मोठ्या झाडाची पाने क्वचितच वापरली जातात. मुळांपासून फुटलेल्या झुडपांची पाने त्यासाठी उपयुक्त असतात. पान लवचीक, पातळ शिरांचे आणि पुरेसे रुंद असावे लागते. ट्रायोझा या कीटकामुळे पानावर गाठी येतात आणि असे पान बाद ठरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटली जातात. या कामाला स्थानिक बोलीत खुटकटाई किंवा बुटाकटाई म्हणतात. छाटणीनंतर साधारणपणे दीड महिन्याने येणारी नवी पालवी तोडणीला योग्य होते. सिरोंच्यासारख्या दक्षिणेकडील उष्ण भागात पाने लवकर तयार होतात, उत्तरेकडे थोडी उशिरा. एका गावात तोडणी बहुधा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वी माल गोदामात जाणे आवश्यक असल्याने संपूर्ण साखळी या एका कालमर्यादेला बांधलेली असते.

सिरोंचा: स्थान व दळणवळण

सिरोंचा गाव प्राणहिता नदीच्या डाव्या तीरावर, तिच्या गोदावरीशी होणाऱ्या संगमाच्या थोडे वर वसले आहे. संगमापलीकडे तेलंगणातील कालेश्वरम हे तीर्थक्षेत्र आहे. तालुक्यातील सोमनूर येथे इंद्रावती गोदावरीला मिळते. लोकव्यवहारात मराठीबरोबर तेलुगू आणि गोंडी-माडिया या भाषा चालतात. तेंदूच्या केंद्रावर तर एकाच हिशेबात या सर्व भाषा ऐकू येतात.

ब्रिटिश काळात सिरोंचा हे मध्य प्रांतातील अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. १८७४ मध्ये हा भाग चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्या काळी या परिसराला समुद्राशी जोडण्याचा मोठा प्रयत्न झाला होता. सर आर्थर कॉटन यांच्या पुरस्काराने गोदावरीतून नौकानयनाची योजना हाती घेण्यात आली. वऱ्हाडचा कापूस आणि अहेरी-सिरोंच्याचे सागवान नदीमार्गे पूर्व किनाऱ्यावर नेण्याचा तिचा हेतू होता. परंतु दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथील खडकाळ अडथळ्यांमुळे खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. माल होता, गिऱ्हाईक होते, पण मधला दुवा जुळला नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. सिरोंच्याहून जिल्ह्याचे मुख्यालय दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि रेल्वे स्थानक असलेले वडसा (देसाईगंज) त्याहूनही पुढे. तेलंगणातील बाजारपेठा त्या मानाने जवळ आहेत; पण नद्यांवर पूल नसताना ही जवळीक नकाशापुरतीच होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोदावरी आणि प्राणहितेवरील पूल झाल्यानंतर येथील माल थेट दक्षिणेकडे जाऊ लागला. निजामाबाद-जगदलपूर हा राष्ट्रीय महामार्ग ६३ आणि साकोली-गडचिरोली-सिरोंचा हा राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी सिरोंच्यात एकत्र येतात. वाहतुकीचे अंतर कमी झाले की खरेदीदार गोणीमागे अधिक दर देऊ शकतो. रस्त्याचे मूल्य पानाच्या भावात उतरते ते असे.

विक्रीचा अधिकार

स्वातंत्र्यानंतरच्या काळात तेंदूचा व्यापार खासगी ठेकेदारांच्या हाती होता. मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये तो राज्याच्या नियंत्रणाखाली आणला. महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने तसे केले. या पद्धतीत वनक्षेत्राचे घटक (युनिट) पाडून त्यांतील पानांची विक्री वनविभाग लिलावाने वा निविदेने करी, खरेदीदार स्वतःची माणसे लावून पाने गोळा करी आणि तोडणाऱ्यांना ठरलेली मजुरी देई. गावाचा या व्यवहारातील संबंध मजुरीपुरता राहिला.

मजुरीचा दर हा या भागातील एक ज्वलंत प्रश्न होता. १९८० च्या दशकात प्राणहिता ओलांडून आलेल्या नक्षलवादी गटांनी तो हाती घेतला आणि त्यावर आपला प्रभाव उभा केला. पुढे ठेकेदारांकडून वसूल होणारी खंडणी हे त्यांच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन बनले. अशी खंडणी हासुद्धा साखळीतील एक खर्चच होता. तो कोणत्याही हिशेबवहीत दिसत नसे, परंतु खरेदीदार बोली लावताना तो वजा करूनच लावी.

अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने (पेसा) गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायतींकडे देण्याचे तत्त्व मान्य केले. सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपान व बांबू यांचा स्पष्ट उल्लेख केला. २०१२ मधील नियम-दुरुस्तीने वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले. गडचिरोली जिल्ह्यात एक हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले असून या बाबतीत तो राज्यात आघाडीवर आहे.

आता ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात. पहिल्यात विक्रीची प्रक्रिया वनविभाग पार पाडतो आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) ग्रामसभेला मिळते. दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः जाहिरात देते, निविदा मागविते, करार करते आणि संकलनावर देखरेख ठेवते. पहिल्या पर्यायात कटकट कमी, परंतु गावाचा अधिकारही कमी. दुसऱ्यात दर चांगला मिळण्याची शक्यता असते, मात्र रक्कम बुडाल्यास ती वसूल करण्याचे ओझे गावावरच पडते. कागदोपत्री दोन्ही पर्याय समान दिसत असले, तरी दुसरा निवडणे म्हणजे गावाने एका व्यापारी संस्थेची कामे अंगावर घेणे होय.

साखळीचे टप्पे

पहिला टप्पा विक्रीचा आहे आणि तो तोडणीच्या आधी येतो. हे या व्यापाराचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल: पान झाडावर यायचे असतानाच ते विकलेले असते. खरेदीदार अपेक्षित गोण्यांचा अंदाज बांधून गोणीमागे दर देतो. आगाऊ विक्रीमुळे गावाला भांडवल उभे करावे लागत नाही आणि भाव पडण्याची जोखीम खरेदीदाराकडे जाते. त्या मोबदल्यात तो दर कमी ठेवतो. ज्या ग्रामसभेकडे मागील वर्षांची संकलनाची खात्रीलायक आकडेवारी असते, तिच्या मालाबद्दल खरेदीदाराला कमी शंका असते आणि बोलीही वर जाते. मागील वर्षाची नीट ठेवलेली वही ही येथे प्रत्यक्ष पैशाच्या मोलाची असते.

त्यानंतर खुटकटाई होते. हे काम दिसायला किरकोळ, परंतु पानाचा दर्जा बहुतांशी येथेच ठरतो. छाटणीचा खर्च वाचविण्यासाठी काही वेळा जंगलाला आग लावली जाते, कारण आगीनंतरही नवी पालवी फुटते. त्यात रोपे, गवत, पक्ष्यांची अंडी आणि पुढील काळातील वनोपज यांचे होणारे नुकसान मोठे असते.

तोडणी पहाटे सुरू होते. घरातील स्त्रिया, पुरुष आणि मुलेही उजाडण्यापूर्वी जंगलात जातात आणि ऊन वाढण्याआधी पाने घेऊन परततात. दुपारभर घराच्या सावलीत पाने निवडून, एकावर एक रचून सत्तर पानांचा पुडा बांधला जातो. बांधण्यासाठी झाडाच्या सालीचे तंतू वापरतात. तोडणीपेक्षा या कामाला अधिक वेळ लागतो आणि ते मुख्यतः स्त्रियांच्या हातचे असते. एका कुटुंबाने दिवसाला २०० पुडे केले, तर त्यात १४,००० पाने हाताळली जातात. अशा पाच दिवसांच्या श्रमातून एक मानक गोणी भरते.

सायंकाळी पुडे संकलन केंद्रावर येतात. या केंद्राला गावोगावी 'फळी' म्हणतात. तेथे मुन्शी पुडे मोजतो, कार्डावर नोंद करतो आणि पुडे जमिनीवर ओळीने उन्हात मांडले जातात. फळी ही साखळीतील सर्वांत नाजूक जागा आहे. तोडणाऱ्याचा संपूर्ण मोबदला येथील एका आकड्यावर अवलंबून असतो. पुड्यात पाने कमी आहेत म्हणून तो बाद करणे किंवा शेकड्यामागे काही पुडे विनामोबदला जादा घेणे अशा प्रथांबद्दल पूर्वी सतत तक्रारी होत. ज्या गावांनी मुन्शी आपल्यातलाच नेमला आणि रोजची मोजणी सर्वांसमक्ष वाचून दाखविण्याचा प्रघात पाडला, तेथे दर न बदलताही तोडणाऱ्याच्या हाती येणारी रक्कम वाढते. व्यवस्थापनशास्त्र ज्याला मूल्यवर्धन म्हणते, त्याचे यापेक्षा साधे उदाहरण सापडणे कठीण.

वाळवणीला सुमारे आठवडा लागतो. पुडे मधूनच उलटावे लागतात. एक बाजू ओली राहिली तर बुरशी येते आणि जास्त वाळले तर पान चुरते. पूर्ण वाळलेल्या पुड्यांवर पाणी शिंपडून ते किंचित नरम करतात आणि मगच बारदानात भरतात. कोरडी पाने तशीच दाबली तर मोडतात. मे महिन्यात अचानक आलेला वळीव पाऊस या सर्व श्रमांवर पाणी फिरवतो. फळीवर मांडलेला माल भिजला तर नुकसान कोणी सोसायचे, हा करारातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. मोजणी होऊन पुडे ताब्यात घेतले की ते खरेदीदाराचे झाले, असे करारात स्पष्ट लिहिलेले असल्यास वाद उद्भवत नाही. हे एक वाक्य राहून गेल्याने एखाद्या गावाचा हंगाम वाया जाऊ शकतो.

गोण्या भरल्यावर वाहतूक परवान्यासह ट्रकने त्या गोदामात जातात. कोरड्या, हवेशीर गोदामात पाने एका हंगामाहून अधिक काळ टिकतात. त्यामुळे मोठ्या खरेदीदाराकडे साठा शिल्लक असेल त्या वर्षी तो कमी बोली लावतो. गोदाम ज्याच्याकडे, त्याला थांबता येते; गावांकडे स्वतःची गोदामे क्वचितच असल्याने त्यांना थांबता येत नाही.

मानक गोणी व दरांची तुलना

तेंदूच्या दरांची तुलना करताना एक गफलत नेहमी होते. सर्वत्र दर 'मानक गोणी'मागे सांगितले जातात आणि सर्वत्र एका मानक गोणीत १,००० पुडे असतात. परंतु पुडा सर्वत्र सारखा नसतो. महाराष्ट्रात तो ७० पानांचा, तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ५० पानांचा असतो. म्हणजेच महाराष्ट्राच्या गोणीत ७०,००० पाने आणि शेजारच्या गोणीत ५०,००० पाने.

छत्तीसगड शासनाने २०२४ च्या हंगामापासून संकलनाचा दर मानक गोणीस ५,५०० रुपये केला. हा दर पानामागे ११ पैसे पडतो. त्याच मापाने महाराष्ट्राच्या गोणीचा समतुल्य दर ७,७०० रुपये होतो. सिरोंच्याच्या गावांतून इंद्रावतीपलीकडे वेगळ्या पद्धतीने खरेदी चालते: तेथे सहकारी समित्यांमार्फत शासन ठरलेल्या दराने पाने घेते, नंतर ती विकते आणि नफ्यातून बोनस देते. एका तीरावर निश्चित दराची शाश्वती आहे, तर दुसऱ्या तीरावर बाजाराचा चढ-उतार. केवळ गोणीचा दर पाहून कोणती व्यवस्था सरस हे ठरविणे चुकीचे आहे. त्यासाठी पानामागचा दर, मजुरी व रॉयल्टी यांची बेरीज आणि रक्कम हाती पडण्याची तारीख या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

ग्रामसभांचे व्यवस्थापन

स्वतः विक्री करणाऱ्या ग्रामसभेला पॅन क्रमांक, बँक खाते, कराची नोंदणी, ठरावाची वही आणि संकलनकर्त्यांची यादी इतके किमान साहित्य लागते. यांपैकी एकाचाही अभाव असला तर रक्कम अडकते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानेही तेंदूपानाच्या विक्रेत्यावर खरेदीदाराकडून उगमस्थानी कर गोळा करण्याची जबाबदारी टाकली होती. मोठ्या कंपनीत ही कामे स्वतंत्र विभाग पाहतात. येथे ती बहुधा शाळा शिकलेल्या दोन-चार तरुणांवर येतात.

एकट्या गावाचा माल अनेकदा इतका थोडा असतो की दूरच्या खरेदीदाराला तेथे माणूस पाठविणे परवडत नाही. अशा गावाला स्थानिक मध्यस्थ सांगेल तो दर मान्य करावा लागतो. अनेक गावांनी मिळून एकाच वेळी निविदा काढली तर ट्रक भरतो, पर्यवेक्षणाचा खर्च वाटला जातो आणि बोली लावणाऱ्यांची संख्या वाढते. गडचिरोलीच्या उत्तर भागातील कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. तिच्या कामांत वनोपजाच्या विक्रीचा समन्वय हे एक मुख्य काम आहे, आणि स्त्रियांच्या सहभागामुळे ती विशेष चर्चिली गेली. सिरोंच्यासारख्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या तालुक्यात अशी जुळवाजुळव तुलनेने अवघड आहे.

२०१७ च्या हंगामात गडचिरोलीत ग्रामसभांना फार चांगले दर मिळाले आणि गावोगावी ही बातमी पोहोचली. पुढच्या वर्षी दर घसरले. काही ठिकाणी चढ्या दराने करार केलेल्या खरेदीदारांनी उरलेली रक्कम थकविली. सर्वांत उंच बोली म्हणजे सर्वांत चांगली बोली नव्हे, हा धडा तेव्हा मिळाला. बोलीच्या दराबरोबरच अनामत रक्कम, बँक हमी, हप्त्यांच्या तारखा आणि माल उचलण्यापूर्वी भरावयाचा हिस्सा यांचे महत्त्व त्यानंतर वाढले. खरेदीदाराने मागील वर्षी इतर गावांना रक्कम वेळेवर दिली होती का, ही विचारपूसही उपयोगी पडते आणि तिला काही खर्च येत नाही. माल फळीवर आहे तोपर्यंत गावाच्या शब्दाला वजन असते; ट्रक पूल ओलांडून परराज्यात गेला की वसुलीसाठी चकरा माराव्या लागतात.

मिळालेल्या रकमेचे मजुरी आणि रॉयल्टी असे दोन भाग होतात. मजुरी ज्याने पाने आणली त्याला मिळते. रॉयल्टीचे काय करायचे हे ग्रामसभा ठरविते: काही गावे ती पुड्यांच्या प्रमाणात वाटतात, काही तिचा अंश वनरक्षण, पाणी किंवा सामाईक कामांसाठी राखून ठेवतात. वाटपाची यादी जाहीरपणे लावली नाही तर संशय निर्माण होतो आणि पुढील वर्षी लोक पाने दुसऱ्या गावाच्या फळीवर नेऊ लागतात. अशा वेळी करारातील अंदाजाइतक्या गोण्या भरत नाहीत आणि गावाची पत घसरते.

कर

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के कर लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने पानावरील कर ५ टक्के आणि बिडीवरील १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. हा कर खरेदीदार भरीत असला, तरी निविदा भरताना तो हिशेबात धरलेला असतो.

धोके

तोडणीचा काळ जंगलात वावरण्याच्या दृष्टीने कठीण असतो. तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. उन्हाळ्यात वाघ आणि अस्वले पाणवठ्यांजवळील दाट झुडपांत असतात आणि वाकून पाने तोडणारी व्यक्ती त्यांना सहज दिसत नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. गटाने जाणे, ठरावीक क्षेत्रातच तोडणी करणे आणि अंधारात जंगलात न शिरणे अशा सूचना वनविभाग देतो. परंतु पुड्यावर मोबदला असल्याने लवकर निघून अधिक पाने आणण्याचा मोह टळत नाही. या जोखमीची किंमत गोणीच्या दरात कोठेही धरलेली नसते.

बिडी उद्योग व मागणी

गडचिरोलीची पाने तेलंगणातील निजामाबाद-करीमनगर पट्ट्यात, तसेच महाराष्ट्रातील सोलापूर, सिन्नर, गोंदिया यांसारख्या बिडी केंद्रांच्या बाजारपेठेत जातात. बिडी वळणे हा मुख्यतः स्त्रियांचा घरगुती व्यवसाय आहे. पान भिजवून, पत्र्याच्या मापाने कापून, त्यात तंबाखू भरून ते वळतात आणि दोऱ्याने बांधतात. या कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा बिडी व सिगार कामगार अधिनियम होता. अशा प्रकारे साखळीच्या दोन्ही टोकांना हाताने काम करणाऱ्या स्त्रिया असतात आणि दोघींचाही मोबदला नगावर ठरतो. एकीने मोजलेली पाने दुसरीला कारखान्याकडून मोजून मिळतात. पाने फाटकी निघाली तर बिड्यांची संख्या भरत नाही आणि तूट वळणारीच्या मजुरीतून जाते. म्हणून फळीवरील दर्जाचा परिणाम शेकडो किलोमीटरवरच्या घरात जाणवतो. केरळात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या दिनेश बिडी सहकारी संस्थेने कामगारांच्या मालकीचा कारखाना चालवून दाखविला. पुढे बिडीची मागणी घटल्यावर तिने खाद्यपदार्थ, छत्र्या अशा अन्य उत्पादनांकडेही मोर्चा वळविला.

बिडी आरोग्याला घातक आहे, यात शंका नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानंतर निर्बंध वाढत गेले आणि २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापणे बंधनकारक झाले. एका हानिकारक वस्तूच्या कच्च्या मालावर वनग्रामांची मिळकत अवलंबून असणे ही या साखळीतील मूलभूत अडचण आहे आणि व्यवस्थापन कितीही सुधारले तरी ती सुटत नाही.

पर्यायी वनोपज

काही गावांनी या अडचणीवर आपापले उत्तर शोधले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्काच्या आधारे बांबूच्या विक्रीचा अधिकार मिळविला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत गावाला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक देण्यात आले. बांबू तोडल्यावर लगेच खराब होत नाही, त्यामुळे गावाला दरासाठी काही काळ थांबता येते. तेंदूत ही सवड नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात असलेल्या पाचगावने याहून वेगळा निर्णय घेतला. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर बांबूचे उत्पन्न सुरू झाल्यावर ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले. तोडणीसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात आणि झाडे फळत नाहीत, हे त्यामागील कारण होते. तोडणी थांबल्यानंतर गावाच्या जंगलात टेंभरे पुन्हा दिसू लागली आणि ती पक्ष्यांना व माणसांना खायला मिळू लागली, असे पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदविले आहे. बांबूचे मुबलक क्षेत्र नसलेल्या गावांना असा निर्णय घेणे सहज शक्य नाही, आणि सिरोंच्याच्या ज्या गावांत तेंदू हेच उन्हाळ्यातील रोख उत्पन्न आहे, तेथे फळीवरील मोजणी आणि करारातील अटी यांनाच अधिक महत्त्व राहते.